प्रश्न कोणाचा?

१९४८ साल. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून एक्सेटरकडे निघालेल्या गाडीत तपासनीसाने एका प्रवाशाकडे तिकीट मागितले. ते त्याच्याजवळ नव्हते आणि त्याने दिलेला खुलासाही टिकला नाही. प्रकरण न्यायालयात गेले, दोन पौंड दंड झाला. एरवी अशा बातमीला वर्तमानपत्रात चार ओळीही मिळत नाहीत. ही मात्र पहिल्या पानावर आली, कारण प्रवासी होते सी. ई. एम. जोड. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख, आणि युद्धकाळात साऱ्या ब्रिटनच्या ओळखीचा झालेला रेडिओवरचा आवाज. बीबीसीने त्यांना घरी बसवले. उमरावपदाची आशा होती, तीही गेली.

जोडना ही ओळख मिळवून दिली होती ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या रेडिओ कार्यक्रमाने. १९४१ च्या जानेवारीत तो सुरू झाला. बाहेर काळोख, डोक्यावर बॉम्बची धास्ती, आणि घरात रेडिओभोवती बसलेले कुटुंब. श्रोत्यांनी पत्राने प्रश्न पाठवायचे आणि तीन माणसांनी आधी न पाहिलेल्या त्या प्रश्नांना ऐन वेळी उत्तरे द्यायची. जोड तत्त्वज्ञ, ज्युलियन हक्सली जीवशास्त्रज्ञ आणि कॅम्बेल हे जग हिंडलेले दर्यावर्दी. माशी छतावर उलटी कशी बसते, ती हवेत कोलांटी घेते की कुशीवर वळते, हा तिथे गाजलेला एक प्रश्न. जोड यांचा खाक्या असा, की कुठल्याही प्रश्नाला हात घालण्याआधी ते त्यातला एखादा शब्द उचलत आणि म्हणत, या शब्दाचा तुमचा अर्थ काय त्यावर सारे अवलंबून आहे. हे पालुपद देशभर लोकांच्या तोंडी बसले. प्रश्नाचे उत्तर देण्याआधी प्रश्नच तपासून पाहावा, ही गोष्ट लाखो घरांत पोचली. विद्यापीठांच्या व्याख्यानांना ते कधी जमले नसते.

मग बिनसले कुठे? जोड विनातिकीट प्रवास करत, यात तत्त्वज्ञानाचा पराभव शोधण्याचे कारण नाही. वैद्य आजारी पडतो, ज्योतिषाच्या घरी चोरी होते. खरी उणीव कार्यक्रमाच्या रचनेत होती. श्रोत्याचे पत्र लंडनला जाई, प्रश्न वाचला जाई, उत्तर ऐकू येई आणि तिथेच सारे संपे. “पण साहेब…” असे म्हणण्याची सोय पत्र लिहिणाऱ्याला नव्हती. घरातून निघालेला प्रश्न परत आला तो उत्तर होऊन, आणि मूळ माणूस त्याच्या खुर्चीत होता तसाच बसून राहिला.

संयोजकांनी आजच्या व्याख्यानाचा विषय ‘रोजच्या जगण्यातले तत्त्वज्ञान’ असा छापला आहे. या विषयावर बोलताना वक्ते बहुधा उत्तरांकडे वळतात. राग कसा आवरावा, मरणाची भीती कशी घालवावी, सुख म्हणजे काय. स्टोइकांचा एखादा दाखला, गीतेतला एखादा श्लोक, टाळ्या. आज मात्र एकच गोष्ट तपासायची आहे: तत्त्वज्ञान जेव्हा जेव्हा चारचौघांत आले, तेव्हा प्रश्न कोणी विचारला आणि तो कोणाचा होता?

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे तिथल्या बाजारचौकात, पुरातत्त्वज्ञांना एका लहान घराचे अवशेष सापडले. जमिनीवर चपलांचे खिळे विखुरलेले होते आणि तिथेच एका पेल्याच्या बुडाचा तुकडा मिळाला. त्यावर कोरले होते, ‘सायमनचा’. जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवले आहे, की सॉक्रेटिस सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात जाऊन बसे आणि सायमन त्याची बोलणी टिपून ठेवी. हे घर त्याच सायमनचे, अशी शपथ कोणी घेणार नाही. पण जागा शोभणारी आहे. सॉक्रेटिसला व्यासपीठ नव्हते. समोरच्याचे काम चालू असताना, त्याच्याच धंद्यातला शब्द घेऊन तो सुरुवात करी. चांगला जोडा कोणता हे तुला कळते, मग चांगला माणूस कोणता हे का सांगता येत नाही? समोरचा उत्तर देई, त्यावर पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सने त्याला मृत्युदंड दिला, तो त्याने काही शिकवण दिली म्हणून जितका, तितकाच या न संपणाऱ्या विचारण्याचा वैताग आला म्हणून.

मराठी माणसाला हे दुकान परके वाटू नये. शिंपी, माळी, कुंभार, सोनार यांनी आपापल्या धंद्याच्या शब्दांत अद्वैत मांडल्याला सातशे वर्षे होऊन गेली. ज्ञानेश्वरी १२९० मधली. पण संतांच्या नावाने भाषण करण्याची आपली सवय एवढी जुनी आहे, की त्यांची पद्धत काय होती हे पाहायचे राहून जाते. त्यासाठी अलीकडचा माणूस घ्यावा. गाडगेबाबा. १८७६ ते १९५६. अक्षरओळख नाही. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. ज्यांनी बाबांचे कीर्तन ऐकले त्यांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते. बाबा सांगत कमी आणि विचारत जास्त. वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचा आणि समाजाने एका सुरात उत्तर द्यायचे. देव दगडात आहे का, बोकड कापला तर देव पावतो का, लग्नासाठी काढलेले कर्ज कोण फेडतो. उत्तर तोंडातून गेले की माणूस अडकला. स्वतःच ‘नाही’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बोकड घेऊन जत्रेला निघायचे कसे?

इथे प्रश्न बाबांचा असे हे खरे. पण उत्तर गावाचे असे. जोड यांच्या कार्यक्रमात याच्या नेमके उलट होते.

जोतीराव फुल्यांना प्रश्नोत्तरांची ही कळ फार आधी सापडली होती. १८७३ ची ‘गुलामगिरी’ धोंडीराव आणि जोतीराव यांच्या संवादात लिहिलेली आहे. पक्षाघाताने उजवे अंग गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापले गेले. तेही प्रश्नोत्तरांतच. शिकलेल्यांसाठी निबंध आणि न शिकलेल्यांसाठी संवाद, अशी सोपी वाटणी इथे करू नये. फुल्यांच्या लेखी शंका विचारण्याचा अधिकार हाच वादाचा मुद्दा होता, आणि ज्याला तो पिढ्यान् पिढ्या नाकारला गेला त्याच्या तोंडी प्रश्न घालणे हा त्या मुद्द्याचाच भाग होता. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हा मिल आणि स्पेन्सर वाचलेला हा माणूस बायकांनी जाकिटे घालावीत की नाही, सोवळे म्हणजे काय, पोशाख कसा असावा, यांवर लिहीत होता. हे विषय त्या काळच्या विद्वानांना किरकोळ वाटले. घरोघरची भांडणे मात्र त्यांवरूनच होत.

अमळनेरची गोष्ट जरा वेगळी आहे. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. खानदेशातल्या त्या गावात पुढे देशभरचे नामवंत तत्त्वज्ञ राहून गेले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते. भारतात इतके गंभीर काम त्या काळी फार थोड्या ठिकाणी झाले असेल. १९२३ मध्ये तिथे पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण अभ्यासक म्हणून आला. त्याचे मन रमले नाही. वर्षभरात तो गावातल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढू लागला. साने गुरुजींनी तत्त्वज्ञान सोडले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मंदिर आणि वसतिगृह एकाच गावात होते, पण मधली वाट वाहती नव्हती. मुलाने खोटे का बोलू नये, भांडी घासणाऱ्याला खाली का लेखू नये, हे प्रश्न वसतिगृहात रोज उठत. मंदिरातल्या वेदान्ताकडे त्यांना देण्यासारखे पुष्कळ होते. ते मागायला कोणी आले नाही आणि द्यायलाही कोणी गेले नाही.

ही वाट वाहती करण्याचा एक गाजलेला प्रयत्न पॅरिसमध्ये झाला, आणि तोही जवळजवळ अपघाताने. मार्क सोते हे नीत्शेचे अभ्यासक, राज्यशास्त्राच्या नामवंत संस्थेत शिकवणारे. १९९२ मध्ये त्यांनी वकिलाने काढावे तसे तत्त्वज्ञाचे सल्लागार कार्यालय उघडले. त्या निमित्ताने झालेल्या रेडिओ मुलाखतीत ते सहज बोलून गेले, की रविवारी सकाळी आम्ही काही मित्र बास्तिय चौकातल्या ‘कॅफे दे फार’मध्ये गप्पा मारतो. पुढच्या रविवारी अनोळखी माणसे येऊन बसली. त्यांना घालवणार कसे? मग दर रविवारी सकाळी अकराला तीच बैठक सुरू झाली. विषय आलेल्यांनी सुचवायचे, त्यातला एक तिथल्या तिथे निवडायचा आणि दोन तास त्यावर बोलायचे. प्रवेशमूल्य नाही, फक्त कॉफीचे पैसे. १९९८ मध्ये सोते एक्कावन्नाव्या वर्षी गेले, तेव्हा फ्रान्समध्ये असे शंभरच्या आसपास कॅफे चालू होते आणि परदेशातही ते पोचले होते.

सल्लागार कार्यालयापेक्षा कॅफे अधिक चालला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पैसे मोजून एकट्याने तत्त्वज्ञाकडे जाण्यापेक्षा लोकांना चारचौघांत बोलणे हवे होते. फ्रान्समध्ये ते रुजायला जमीनही तयार होती. तिथे शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान शिकवतात आणि शालान्त परीक्षेत चार तासांची तत्त्वज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. दर जूनमध्ये तिच्यातले विषय वर्तमानपत्रांत येतात आणि आजोबा-आजी त्यावर वाद घालतात. कॅफेत बसलेल्या बहुतेकांनी आयुष्यात कधीतरी स्वातंत्र्यावर किंवा सत्यावर चार तास लिहिलेले असते. आपल्याकडे तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे बारावीपर्यंतचे ऐच्छिक विषय. ते घेणाऱ्या मुलाला मावशी विचारते, “पुढे काय करणार?” (मावशीचा प्रश्न तसा बरोबरच आहे. फक्त तो तिने सगळ्यांनाच विचारायला हवा.)

विद्यापीठांतले लोक कॅफेवर नाराज होते. दोन तासांत तीस माणसे बोलतात, कोणी आपले दुखणे सांगतो, कोणी वाचलेले ओकतो, आणि विचार मात्र पुढे सरकत नाही, ही त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती. मोकळ्या गप्पांना तत्त्वज्ञान म्हणायचे, तर पारावरच्या सगळ्याच गप्पांना म्हणावे लागेल. शिस्त कुठून आणायची?

त्याचे उत्तर जर्मनीत सत्तर वर्षे आधी शोधले गेले होते. लेओनार्ड नेल्सन हे गटिंगेनचे तत्त्वज्ञ. १९२२ च्या डिसेंबरात त्यांनी सॉक्रेटिसच्या पद्धतीवर व्याख्यान दिले. त्यांचे म्हणणे असे, की तत्त्वज्ञान शिकवता येत नाही, विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञ बनवता येते, आणि त्यासाठी शिक्षकाने आपले मत गिळले पाहिजे. वाल्केम्यूले इथे त्यांच्या विचारांवर एक शाळा चालत असे. १९३३ मध्ये नाझींनी ती बंद केली, आणि शिक्षिका मिना श्पेख्त मुलांना घेऊन डेन्मार्कला गेल्या. तिथे शिकवणाऱ्या गुस्टाव्ह हेकमान यांनी युद्धानंतर ही पद्धत हानोव्हरमध्ये घासूनपुसून मोठ्या माणसांसाठी बसवली. नियम थोडे आहेत. सुरुवात कोणाच्या तरी प्रत्यक्ष अनुभवापासून करायची. चालकाने स्वतःचे मत सांगायचे नाही. एकाचे म्हणणे सगळ्यांना कळल्याशिवाय पुढे जायचे नाही. ग्रंथाचा दाखला देऊन समोरच्याला गप्प करायचे नाही.

हे चालते कसे, ते आपल्या घरातला प्रश्न घेऊन पाहू. समजा ठाण्याच्या एका गृहस्थाने बैठकीत सांगितले, “आईला वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आली आहे. मी वाईट मुलगा ठरतो का?” उत्तरे देणारे लगेच दोन गट करतील. एक गट श्रावणबाळाचे नाव काढील, दुसरा ‘प्रॅक्टिकल’ व्हायला सांगेल. कायद्याचेही उत्तर आहे. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला, आणि त्याखाली न्यायाधिकरण मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववू शकते. कायदा रुपयांत बोलतो, ते त्याचे कामच आहे. गृहस्थाचा प्रश्न रुपयांचा नव्हता.

हेकमानच्या पद्धतीने बसलेली मंडळी आधी विचारतील, काय घडले ते सांगा. आई दोनदा न्हाणीघरात पडली. बायको बँकेत नोकरीला. गृहस्थांचा प्रवास जाऊन-येऊन तीन तासांचा. दिवसा मदतीला येणारी बाई टिकत नाही. मग कोणीतरी हळूच विचारील, आई घरी राहिली तर नोकरी कोणी सोडायची, यावर बोलणे झाले का? झालेले नसते. ‘चांगला मुलगा’ या शब्दाच्या पोटात सुनेची रजा गृहीत धरलेली असते. हे बाहेर आले की प्रश्नाचे निम्मे ओझे एकाच्या पाठीवरून उतरून दोघांत वाटले जाते. आणखी एखादी बाई विचारील, हाच प्रश्न मुलीला पडला असता तर तिने ‘वाईट मुलगी’ म्हटले असते की ‘सासरचे काय म्हणतील’ म्हटले असते?

आणि मग कधीतरी कोणाचे तरी लक्ष क्रियापदाकडे जाईल. ठेवायची. मराठीत आपण दागिने बँकेत ठेवतो, डबा फडताळात ठेवतो, मुलाला पाळणाघरात ठेवतो आणि आईला आश्रमात ठेवतो. वाक्याचा कर्ता नेहमी ठेवणारा. ‘आई कुठे राहील?’ असे वाक्य केले की आई कर्ता होते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: तिला विचारले का? तिला आश्रमाची भीती आहे, की मुलाच्या घरात दिवसभर एकटे पडण्याची? तासभर ज्यावर खल झाला तो प्रश्न मुळात आईचा होता, आणि बैठकीला ती आलेलीच नव्हती. गृहस्थ उत्तर न घेता घरी जातील. पण गेल्यावर ज्या माणसाशी बोलायचे ते कोण, एवढे त्यांना कळलेले असेल. आईच्या हाडाचे काय करायचे ते डॉक्टर सांगेल. तिला किंवा त्यांना खोल नैराश्य आले असेल तर तेही डॉक्टरच पाहील. अशा आजारावर तत्त्वज्ञान पाजत बसणाऱ्यांपासून दूर राहावे.

लहान मुलांना हे जमेल का, अशी शंका मॅथ्यू लिपमन यांनी साठच्या दशकात घेतली. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवत. विद्यार्थी तिथे पोचतात तोवर उशीर झालेला असतो, असे त्यांना वाटू लागले. म्हणून त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे त्यासाठी संस्था काढली. कादंबरीतल्या हॅरीचे वर्गात लक्ष नसते. सरांचा प्रश्न येतो: लांब शेपूट असलेले आणि सत्त्याहत्तर वर्षांनी सूर्याभोवती एक फेरी मारणारे ते काय? हॅरी म्हणतो, ग्रह. वर्ग हसतो. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, पण सूर्याभोवती फिरणारे सगळे ग्रह नसतात. वाक्य उलटवता येत नाही, हा शोध मुलाला स्वतःच्या फजितीतून लागतो. घरी आल्यावर शेजारीण आईला सांगत असते, की ती अमकी बाई रोज दारूच्या दुकानात जाते, आणि ज्यांना दारू सुटत नाही ती माणसेही तिथेच जातात, तेव्हा… हॅरी मध्येच बोलतो. दारुडे सगळे दुकानात जात असतील, म्हणून दुकानात जाणारे सगळे दारुडे कसे? शेजारीण गप्प. अरिस्टॉटलचे तर्कशास्त्र एका बाईची अब्रू वाचवायला कामाला आले. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या निरोपांपैकी किती या एका तपासणीत गळतील, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

पण इथेही सावध राहिलेले बरे. इंग्लंडमध्ये हा उपक्रम ४८ शाळांतल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर तपासला गेला. २०१५ च्या अहवालात वाचन आणि गणित यांत सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली, आणि बातम्या झाल्या: तत्त्वज्ञानाने गणित सुधारते! पुढे दोनशेच्या आसपास शाळांत पुन्हा तपासणी झाली. २०२१ च्या अहवालात वाचनावर काही परिणाम आढळला नाही. ज्यांनी गणिताच्या गुणांसाठी तत्त्वज्ञान विकायला काढले होते त्यांची पंचाईत झाली. ती व्हायलाच हवी होती. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून मग बोलणारे मूल हे आपल्याला हवे असेल, तर ते तसे सांगून मागावे. त्याला गुणपत्रिकेचा वर्ख लावू नये.

आता आपल्याच अंगणात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी अशा माला चालतात, आणि इतर प्रांतांनी हेवा करावा अशी ही गोष्ट आहे. पण त्यांचा साचा पाहा. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, दीड तास वक्ता, अध्यक्षीय समारोप, आणि उरला वेळ तर प्रश्न. तेही चिठ्ठीवर. चिठ्ठ्या टोपलीत जमतात, संयोजक त्यांतल्या सोयीच्या निवडतात, वक्ता उत्तर देतो, लिहिणारा मागच्या रांगेत गप्प. ‘ब्रेन्स ट्रस्ट’चे पत्र आणि आपली चिठ्ठी यांत काय फरक आहे? लंडनचे निदान टपालाने जात होते.

म्हणून संयोजकांकडे आधीच एक विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली. व्याख्यान इथेच थांबते आहे. पुढची पन्नास मिनिटे सभागृहाची आहेत. चिठ्ठ्यांची टोपली आज ठेवलेली नाही. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी उभे राहून, आपल्याबाबतीत काय घडले ते आधी दोन वाक्यांत सांगावे आणि मग विचारावे. उत्तर पटले नाही तर खाली बसू नये. ध्वनिक्षेपक घेऊन उभ्या असलेल्या मुलांनी कृपया शेवटच्या रांगेपासून सुरुवात करावी.